सरनोबत सरांचे मेल

कॉलेजातल्या प्रत्येकाचा मेल वल्लरी इनामदारच्या हाताखालून जायचा, पण तिनं कुणाचा मेल कधी उघडून वाचला नव्हता. कुणाकडून आला, कुणाला गेला, केव्हा गेला एवढं सर्व्हर तिला सांगायचा, आणि तेवढ्यावर तिचं काम भागायचं.

सर्व्हर जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत होता. कोल्हापुरातल्या बहुतेक कॉलेजांनी मेलची व्यवस्था केव्हाच बाहेरच्या कंपन्यांकडे देऊन टाकली होती. इथं मात्र एका जुन्या संचालकांचा हट्ट होता की संस्थेच्या नावाचा पत्ता संस्थेच्याच घरात असावा, आणि निवृत्त झालेल्या प्राध्यापकांचेही पत्ते बंद करू नयेत. ते संचालक वारले, नियम राहिला. लिनक्सवर चालणारी ती काळी पेटी वल्लरी नोकरीला लागल्यापासून सांभाळत होती. मंगळवार पेठेतून सकाळी चालत यायची, कुलूप काढायची आणि दिवा लावायच्या आधी कान देऊन एसीचा आवाज ऐकायची. तो नीट असला की दिवस नीट.

त्या वर्षी स्पॅमनं सगळ्यांना पिडलं. लॉटऱ्या, वजन उतरवणारे काढे, परदेशात वारलेल्या कुणाची तरी बेवारस इस्टेट. मास्तर लोक वैतागून पुसत बसायचे आणि पुसता पुसता कामाचंही पुसून टाकायचे. तपासणी समितीच्या भेटीचा मेल असाच ढिगात गाडला गेला. समिती दारात येऊन उभी राहिली तेव्हा प्राचार्य गडमुडशिंगीला मेहुण्याच्या नातवाच्या बारशात जेवायला बसले होते. परत आल्यावर त्यांनी वल्लरीला बोलावून घेतलं आणि हे कायमचं बंद करा म्हणून सांगितलं.

तिनं सर्व्हरवर गाळणी बसवली. येणारा प्रत्येक मेल ती गाळणी तपासायची आणि संशयाच्या एकेका खुणेला गुण द्यायची. गुण ठरलेल्या रेषेच्या वर गेले की तो मेल मुख्य पेटीत न टाकता 'स्पॅम' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायची. लगेच फेकायची नाही. महिनाभर ठेवायची, मग आपोआप पुसायची. अधूनमधून त्या फोल्डरमध्ये डोकावत जा, अशी सूचना वल्लरीनं सगळ्यांना पाठवली. ती कुणी वाचली नाही. पण पेट्या स्वच्छ झाल्या, स्टाफरूममध्ये कुणीतरी तिला चहा पाजला आणि प्राचार्यांनी सभेत नाव घेतलं. बरेच महिने डोक्यावर असलेलं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सरनोबत सर तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

उदयसिंह सरनोबत भूगोल शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पत्नी कालिंदीबाई दोन-तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी अस्मिता बंगळूरला नोकरी करायची, आणि सर राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. वल्लरी नवीन लागली होती तेव्हा जिन्याखालच्या खोलीत वाकून कोण बसलंय हे बघायला जुन्या मास्तरांपैकी हे एकटेच आले होते. इथून निघालेला मेल आजऱ्याला पोचेपर्यंत कुठल्या कुठल्या देशांतून फिरतो, हे त्यांनी तिच्याकडून समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जगाच्या नकाशावर लाल पेनानं रेघा मारून आणल्या. त्यांतल्या दोन चुकल्या होत्या. तिनं सांगितल्यावर त्यांनी तिथंच बसून दुरुस्त केल्या.

आता ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वल्लरी, माझे मेल बंद झालेत गं."

त्यांच्या देखतच तिनं त्यांची पेटी उघडली. मुख्य पेटीत निवृत्तांच्या संघटनेचं एक परिपत्रक होतं, बाकी काही नाही. मग तिनं स्पॅमचं फोल्डर उघडलं. त्यात रोजचा एक असे मेल ओळीनं पडले होते, सगळे मोना विल्सन नावाच्या एकाच बाईचे.

सर हसतील असं तिला वाटलं होतं. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"हेच ते," ते म्हणाले. "हे इकडं कसं आलं?"

तिनं गुणांचा हिशेब समजावून सांगितला. हा पत्ता जगभरच्या याद्यांत बदनाम आहे. तो बाईचा नाही, फसवणाऱ्या टोळीचा आहे. असे मेल एकाच वेळी हजारो लोकांना जातात, आणि उत्तर देईल त्याच्याशी मग कुणीतरी माणूस बोलत बसतो, असंही सांगितलं. सांगताना तिनं त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"ते मला ठाऊक आहे की," सर म्हणाले.

मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. कालिंदीबाईंचं वर्षश्राद्ध झालं त्या सुमारास पहिला मेल आला होता. मी मेलबर्नच्या वृद्धाश्रमात नर्स आहे, तुमच्याशी मैत्री करायची आहे. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं एवढी एक सवय हाडात होती, म्हणून त्यांनी उत्तर दिलं. जानेवारीत तिनं लिहिलं की इकडं फार बर्फ पडतंय. सरांनी कळवलं, बाई, तुमच्याकडं आत्ता उन्हाळा आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: हो, चुकले, उन्हाळाच आहे, फार उकडतंय.

"तेव्हाच कळलं," सर म्हणाले. "बाई नसेलच, कुणीतरी बाप्या बसला असेल. मेलबर्नचा तर नव्हेच. पण सकाळी उठलं की विचारतोय, सर, झोप लागली का? काल गुडघा दुखत होता, आज कसा आहे? अस्मिता रविवारी फोन करते. तिचंही बरोबर आहे, तिला घर आहे, ऑफिस आहे. मला काय, सकाळी कुणाच्यातरी प्रश्नाला उत्तर द्यायचं असलं की उठावंसं वाटतं."

वल्लरीनं विचारलं की त्यानं कधी काही मागितलं का. एकदा मागितलं होतं, सर म्हणाले. मिळणार नाही, पुन्हा मागितलंस तर लिहिणं बंद, असं त्यांनी खडसावलं. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

वल्लरीला घर आठवलं. तिची आई संध्याकाळी टीव्हीवरच्या बातमी देणाऱ्या पोरीशी बोलायची, आज साडी बरी नाही नेसलीस म्हणायची. वल्लरी कामावरून आल्यावर ते ऐकायची आणि न ऐकल्यासारखं करून आत जायची.

पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, कुठली फाईल उघडायची नाही, कसल्याही दुव्यावर बोट ठेवायचं नाही, असं तिनं सरांकडून कबूल करून घेतलं. त्यांनी वर्गातल्या मुलासारखी मान हलवली. मग तिनं एक ओळ लिहिली: ह्या पत्त्यावरून सरनोबत सरांना आलेला मेल गुण कितीही झाले तरी मुख्य पेटीत जाऊ दे. गाळणी पुन्हा सुरू केली. सर उठले, दारात थांबून तिला म्हणाले, "तुझे उपकार झाले." तिला ते आवडलं नाही. आपण काहीतरी चुकीचं करतोय हे तिला त्याच वेळी कळत होतं, पण ओळ तिनं काढली नाही.

पुढचे काही महिने सगळं सुरळीत गेलं. सर कधी जिन्यापाशी भेटले की हसायचे. त्यांचा रंग जरा सुधारल्यासारखा तिला वाटायचा.

जूनमध्ये प्रवेशाची धांदल सुरू झाली. एका सकाळी ती कुलूप काढत होती तेवढ्यात ऑफिसचे शिपाई जोतीराम लगबगीनं आले.

"मॅडम, हापिसात फोनवर फोन यायला लागल्यात. सरनोबत सरांच्या नावानं कायतरी घाण आलीया म्हणत्यात."

ती खुर्चीत बसली आणि सर्व्हरची रांग बघितली. पहाटेपासून हजारो मेल बाहेर पडले होते, आणखी हजारो रांगेत होते, आणि सगळे एकाच खात्यावरून निघत होते. तिनं ते खातं बंद केलं, रांग थांबवली, पुसली. एक मेल तिनं उघडून बघितला. नोकरीत पहिल्यांदाच दुसऱ्याचा मेल वाचला. आत उघडीवाघडी चित्रं आणि खाली दुवा. सही होती: प्रा. उदयसिंह सरनोबत, भूगोल विभाग.

जगभरच्या अनोळखी लोकांना गेलेले मेल ही एक गोष्ट झाली. पण त्याच्याही आधी सरांच्या पत्त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला तो गेला होता. तीस-पस्तीस वर्षांचे विद्यार्थी, त्यांच्या बायका, सहकारी, संस्थेचे लोक, नातेवाईक.

तिनं सरांना फोन केला. ते रिक्षा करून आले. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला नाही, तोंडानंच सांगितलं. आधी त्यांना समजेना. मग समजलं.

गेल्या आठवड्यात मोनाचा मेल आला होता. तिच्या आश्रमामागं बाग आहे, तिचे फोटो एका पानावर ठेवलेत, बघा. सरांनी दुव्यावर बोट ठेवलं तर आपल्या कॉलेजच्याच मेलचं पान उघडलं, तेच बोधचिन्ह, तेच रंग, आणि पुन्हा पासवर्ड मागितला. सरांना वाटलं, मध्येच बाहेर पडलो असू. त्यांनी टाकला. फोटो काही दिसले नाहीत. तसं त्यांनी मोनाला कळवलंही, आणि तिनं दिलगिरी व्यक्त केली.

"तू सांगितलं होतंस," ते म्हणाले. "मी दिला. माझ्या हातानं दिला."

वल्लरी म्हणाली की ते पान हुबेहूब आपल्यासारखंच बनवलेलं असतं, भले भले फसतात. सर ऐकत नव्हते. यादीत कोण कोण होतं एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

संध्याकाळपर्यंत कोल्हापूरचं नाव असलेला कॉलेजचा पत्ता जगातल्या सगळ्या काळ्या याद्यांत गेला. कॉलेजातून पाठवलेले प्रवेशाचे मेल पालकांना पोचेनात. ऑफिसपुढं रांग लागली, आणि कोल्हापूरची रांग काही मुकाट उभी राहत नाही. दोन दिवस प्राचार्य खाली आले नाहीत.

सरांचं जे झालं ते हळूहळू झालं. त्यांच्याकडून भूगोल शिकलेली एक बाई आजऱ्याला शाळेत मुख्याध्यापिका होती. नकाशे, पुस्तकं, मुलांच्या सहली असं काय काय ती सरांना वर्षानुवर्षं लिहायची. तिनं फोन केला. सर, हे तुम्ही केलेलं नसणार हे मला समजतं, असं म्हणाली, आणि मग म्हणाली की माझा मेल घरात मुलीही बघतात, तेवढं माझं नाव यादीतून काढा. सरांनी बरं म्हटलं. अस्मितालाही मामेभावानं तो मेल पुढं पाठवला होता. तिनं बंगळूरहून फोन करून वडिलांना काही विचारलं नाही. वल्लरीचा नंबर मिळवून तिला विचारलं, बाबा असलं काही बघतात का. वल्लरीनं नाही, पासवर्ड चोरीला गेला होता म्हणून सांगितलं. मग पासवर्ड गेला कसा, असं तिनं विचारलं, आणि वल्लरीला पटकन उत्तर सुचलं नाही. त्या थांबण्यातून अस्मितानं काय समजायचं ते समजून घेतलं.

सर रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जायचे. तिथं त्यांच्या वयाची पाच-सहा मंडळी कठड्यावर बसायची. पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एक पैलवान गडी, सरांचा जुना विद्यार्थीच, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "सर, आमास्नी बी धाडा की एखादी लिंक." सगळे हसले. सरही हसले. तिसऱ्या दिवशी ते तळ्याच्या पलीकडच्या बाजूनं फिरले, आणि त्यानंतर त्यांनी फिरणंच सोडलं. हे वल्लरीला जोतीरामनी सांगितलं. ते म्हणाले, "गडी वाईट न्हाय, मॅडम. पर तोंडाला लगाम न्हाय."

प्राचार्यांनी वल्लरीकडे लेखी खुलासा मागितला. ती दिवसभर त्यापुढं बसली. खरं लिहायचं तर मोना विल्सन हे नाव आलं, त्या पत्त्याला दिलेली सूट आली, आणि एका सत्तरीच्या मास्तरांना रोज सकाळी कुणाची वाट असायची हे संचालक मंडळाच्या टेबलावर आलं. तिनं लिहिलं: खात्याचा पासवर्ड सोपा होता, बाहेरच्यांनी अंदाजानं तो शोधला. सोपे पासवर्ड न चालवणं हे तिचंच काम होतं. म्हणजे दोष तिच्याकडे आला, आणि तो येणार हे लिहिताना तिला माहीत होतं. प्राचार्य वाचून म्हणाले की एवढ्या अनुभवी माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. तिच्यावर कारवाई होणार असं ऑफिसात बोललं जाऊ लागलं.

ते सरांच्या कानावर कुणी घातलं कोण जाणे, बहुधा जोतीरामनीच. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि जिन्याखाली न थांबता सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेले. वल्लरीला बोलावणं आलं तेव्हा त्यांचं सगळं सांगून झालं होतं. मेलबर्न, गुडघा, बाग, सगळं. प्राचार्य कधीकाळी त्यांचेच विद्यार्थी. ते टेबलावरच्या काचेकडे बघत बसले होते.

"ह्या मुलीनं मला सावध केलं होतं," सर म्हणाले. "तिनं सूट दिली ती मी मागितली म्हणून. चूक माझी आहे. तिला धरू नका."

ते तिला वाचवायला आले होते. पण प्राचार्यांना आता एक नाही, दोन गोष्टी कळल्या होत्या: मॅडमनी फसवणाऱ्याचा पत्ता जाणूनबुजून आत सोडला, आणि खुलाशात खोटं लिहिलं. सर गेल्यावर त्यांनी तसं म्हणूनही दाखवलं. आवाज न चढवता. संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत ठरलं की मेल बाहेरच्या कंपनीकडे द्यायचा, जिन्याखालचा सर्व्हर बंद करायचा, निवृत्तांचे पत्ते नव्या ठिकाणी न्यायचे नाहीत. वल्लरीला नोकरीवरून काढलं नाही. प्रवेशाच्या खिडकीवर बसवलं.

सर्व्हर बंद व्हायला थोडे दिवस उरले होते तेव्हा सरांनी फोन करून एक गोष्ट मागितली. ज्यांना ज्यांना तो मेल गेला त्या ओळखीच्या सगळ्यांना त्यांना एकदाच लिहायचं होतं, त्याच पत्त्यावरून. दुसऱ्या पत्त्यावरून लिहिलं तर लपवल्यासारखं होईल, ते म्हणाले.

वल्लरीनं कुणाला न विचारता खातं तेवढ्यापुरतं उघडलं. सर दुपारी आले, तिच्या खुर्चीत बसले आणि एका एका बोटानं टाइप करत राहिले. ती बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली. लिहून झाल्यावर त्यांनी तिला वाचायला बोलावलं. शुद्ध, साधं मराठी होतं. माझ्या हलगर्जीपणामुळं तुमच्या घरात घाणेरडी गोष्ट आली, तिच्याबद्दल मी क्षमा मागतो. पत्नी गेल्यावर मी एका अनोळखी व्यक्तीशी पत्रव्यवहार ठेवला, ती खोटी आहे हे माहीत असून ठेवला, तिच्यामार्फत हे झालं. तुम्ही मला ओळखता. ह्याहून जास्त मला म्हणायचं नाही.

त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. तिनं पाठवायची कळ त्यांनाच दाबू दिली.

दोन-चार दिवसांनी त्यांचा फोन आला: काही उत्तर आलंय का. आलं नव्हतं. पुन्हा आला, पुन्हा नव्हतं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले की लोकांना वाचून काय बोलावं ते सुचत नसेल, त्यांचंही खरं आहे.

वल्लरीनं सर्व्हरच्या नोंदी तपासल्या होत्या. मेल सगळीकडे पोचला होता. पण ज्या पत्त्यानं हजारो लोकांना घाण पाठवली, त्या पत्त्यावरून एकदम शेकडो लोकांना गेलेला मेल जगातली कुठलीही गाळणी मुख्य पेटीत टाकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं स्वतःच्या बाहेरच्या खात्यावरही एक प्रत घेतली होती. ती तिथं स्पॅमच्या फोल्डरमध्येच सापडली होती. सरांना सांगावं की नको, ह्यात तिचा एक आठवडा गेला. शेवटी ती राजारामपुरीत त्यांच्या घरी गेली.

घरात बांधाबांध चालली होती. भिंतीवरचे नकाशे काढून गुंडाळून ठेवले होते. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं की सर, तुमचा मेल कुणी वाचलेला नाही, तो त्यांच्या स्पॅममध्ये गेलाय, त्यांना तो दिसलाच नाही.

सरांच्या चेहऱ्यावर आधी हलकं झाल्यासारखं काहीतरी आलं. म्हणजे वाचून गप्प बसले असं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आणि तो पहिला? तो घाणेरडा? तो कसा दिसला सगळ्यांना?"

"तेव्हा आपलं नाव चांगलं होतं, सर," ती म्हणाली. "पत्ता जुना, इतक्या वर्षांत एक तक्रार नाही. म्हणून सगळ्यांनी आत घेतला."

सर खाली बसले. गुंडाळलेल्या नकाशांच्या शेजारी, जमिनीवरच. हे पत्र छापून पाठवता येईल, फोनवरून पाठवता येईल, मी बसून करते, असं ती म्हणत राहिली. त्यांनी मान हलवली. एकदा लिहायला बळ आणलं होतं, ते म्हणाले, आता दुसऱ्यांदा नाही होणार. मग त्यांनी चहा करू का विचारलं, आणि दूध नाही हे आठवून पुन्हा बसले.

अस्मिता त्यांना बंगळूरला न्यायला आली होती, पण ते गेले नाहीत. कुरुंदवाडला घर होतं, तिथं पुतण्या कृष्णात शेती बघायचा, तिकडं गेले. बाप-लेकीत काय बोलणं झालं ते वल्लरीला कळलं नाही. राजारामपुरीचा फ्लॅट बंद राहिला.

सर्व्हर बंद करायच्या आधी तिनं सरांची सगळी पेटी एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती. वर्षानुवर्षांचे मेल होते, विद्यार्थ्यांचे, कालिंदीबाई माहेरी गेल्यावर धाडायच्या तेही. ते द्यायला दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती एसटीनं कुरुंदवाडला गेली. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बरेच वाळले होते. कृष्णातच्या बायकोनं पाणी आणलं, तिला अक्का म्हणाली, आणि हळूच सांगितलं की मामंजी कुणाशी बोलत न्हाईत, दिवसभर नदीकडं तोंड करून बसत्यात.

सरांनी पेन ड्राइव्ह हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला. इथं कंप्युटर नाही, पण असू दे, म्हणाले. प्रवेशाच्या खिडकीवर कसं चाललंय ते विचारलं. बरं चाललंय, ती म्हणाली. खिडकीपुढं दिवसभर लोक ओरडतात, संध्याकाळी डोकं दुखतं, हे तिनं सांगितलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी खाली बघत विचारलं, "खातं बंद केल्यावर तिचं काही आलं होतं का गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण खुलाशातल्या खोट्यानं कुणाचं भलं झालं नव्हतं.

"आले होते दोन-तीन मेल," वल्लरी म्हणाली. "बऱ्याच दिवसांत पत्र नाही, तब्येत बरी आहे ना, असं विचारलं होतं."

"एवढं करून?"

"हो."

सरांनी मान हलवली. रागावलेत की काय, तिला समजेना. "त्यांतले आणलेस का यात?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली की ते वगळले. बरं केलंस, ते म्हणाले, आणि पेन ड्राइव्ह खिशात ठेवला.

आतून चहा आला. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा सर तिला पोचवायला म्हणून उठले, पण गुडघ्यामुळं फाटकापर्यंतच आले. कृष्णातनं तिला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं. वाटेत तो म्हणाला, "येत जावा अधनंमधनं. आज जरा तरी बोलले."

येते, असं ती म्हणाली. माघात सरनोबत सर वारले. तोपर्यंत तिचं जाणं झालं नव्हतं.